झाड अर्धं कापून गेला, उरलेलं घरावर झुकलेलं

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, बाबांनी बांधलेलं जुनं घर आहे. मागच्या अंगणात एक गुलमोहर आणि त्याच्या शेजारी शीशम. गुलमोहर गच्चीकडे वाकलेला, आणि गुलमोहराचं लाकूड किती ठिसूळ असतं ते ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीतच असेल, मुळंही फार खोल जात नाहीत, जरा आंधी आली की फांद्या काडकन मोडतात. आईची खोली बरोबर त्याच्या खाली. म्हणून मे महिन्यात काढायचं ठरवलं. झाडं कापणाऱ्या दोघांना विचारलं, त्यांनी १४-१५ हजार सांगितले, तेवढे लगेच जमत नव्हते.

तेवढ्यात एक जण दारावर आला, सोबत दोन पोरं, खांद्यावर दोरी. पाच हजारात करतो म्हणाला, लकडी मी नेईन म्हणून स्वस्त. "माताजी, निगम की परमिशन मेरे पास है," असं म्हणून मोबाईलवर शिक्क्याच्या कागदाचा फोटो दाखवला. आईने मला ऑफिसात फोन केला, मी कागद न बघताच हो म्हणालो, ती चूक माझीच. चार हजार ऍडव्हान्स गेले.

पहिल्या दिवशी त्याने पाडला तो शीशम! त्याला हात लावायचाच नव्हता. आई ओरडली तर म्हणे दोरी बांधायला जागा पाहिजे. दुपारी टेम्पो आला, जाड ओंडके भरून गेले. बाबांनी लावलेलं झाड होतं ते, आई दोन दिवस नीट जेवली नाही. त्याला पहिल्यापासून तेच हवं होतं, गुलमोहराच्या लाकडाला कोण विचारतो.

दुसऱ्या दिवशी गुलमोहराच्या गल्लीकडच्या फांद्या तोडल्या, सोप्या होत्या त्या. घराकडच्या सगळ्या तशाच ठेवल्या. हे जरा नीट समजून घ्या, एका बाजूचं वजन गेलं की सगळा भार दुसऱ्या बाजूला येतो, म्हणजे आमचं झाड आधीपेक्षा जास्त धोक्याचं झालं, आणि अशा वेळी तो खाली उतरून म्हणतो, "अब बारह हजार और लगेंगे, बिजली का तार है." तार काय रात्रीत आली होती का? नाही म्हटल्यावर सामान उचलून निघून गेला. शिवाय एक मोठी फांदी खालच्या बाजूने आधी काप न देताच कापली होती, ती खोडाची साल दोन हात सोलत खाली आली आणि शेजारच्या काकूंचा सिमेंटचा पत्रा फुटला. तो आम्ही भरून दिला.

चार दिवसांनी निगमची, म्हणजे महापालिकेची, माणसं आली. तो परमिशनचा कागद दुसऱ्याच घराचा निघाला. मध्य प्रदेशात शहरातल्या झाडांसाठी २००१ चा कायदा आहे, झाड स्वतःच्या अंगणात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. नोटीस आमच्या नावाने आली, त्याच्या नाही.

मग अर्ज मी स्वतः दिला, झुकलेल्या खोडाचे, गच्चीचे फोटो जोडले, माणूस बघून गेला, परवानगी हातात आली. वीज कंपनीच्या झोन ऑफिसला सांगून तेवढा वेळ लाईन बंद करून घेतली. आणि त्या १४ हजारवाल्यालाच बोलावलं. त्याने शेंड्यापासून सुरुवात केली, प्रत्येक फांदीला आधी दोरी, मग खालून थोडा काप, मग वरून, आणि हळूहळू खाली सोडली, गच्चीला ओरखडासुद्धा आला नाही. बुंधा जमिनीलगत तसाच ठेवला आणि फांद्या आम्हीच गेटपर्यंत ओढल्या, त्याने दीड हजार कमी केले. पैसे अंगण साफ झाल्यावर दिले.

त्या पहिल्याचा नंबर आता बंद येतो. पण पावसाळ्याच्या आधी तो कुठल्या ना कुठल्या कॉलनीत फिरणारच, आणि दुपारी घरात एकटे म्हातारे असतील तेव्हाच बेल वाजवेल. तुमच्या आई-बाबांना आजच सांगून ठेवा, मोबाईलवरचा फोटो चालणार नाही, तुमच्या नावाचा आणि तुमच्या पत्त्याचा कागद दाखव म्हणावं.