स्टिअरिंगमध्ये एअरबॅगच नव्हती: जुनी एसयूव्ही घेताना मी कसा फसलो

गाडी २०१२ची, डिझेल, सात सीटर. २०२३च्या दसऱ्याला मी ती ५ लाख २५ हजारांना घेतली. आईचे गुडघे गेलेत, तिला खाली वाकून बसायच्या गाडीत चढता-उतरता येत नाही. आमचं गाव पाटण तालुक्यात, आईचं माहेर चिपळूणला. म्हणजे घाट आलाच. उंच, दणकट गाडी हवी होती आणि नवीन घ्यायची ऐपत नव्हती. जुनी एसयूव्ही घेणाऱ्या बहुतेकांचं गणित असंच असतं, म्हणून हे सगळं तपशिलात लिहितोय.

विकणारा हायवेवरचा सेकंडहँड गाड्यांचा डीलर. त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीचंही लिहीत नाही, कारण तिनं दोष कळल्यावर गाड्या परत बोलावल्या होत्या. मला फसवलं ते विकणाऱ्यानं.

मीटरवर ७८ हजार किलोमीटर होते. सीट कव्हर नवी, स्टिअरिंगला नवं कव्हर, पेडलांचे रबर नवे. हे पाहून मी खूश झालो होतो. आता सांगतो, जुन्या गाडीत नेमक्या याच तीन गोष्टी नव्या दिसल्या तर कव्हर काढून दाखवायला सांगा. ड्रायव्हर चढताना ज्या कडेवर घासतो ती सीटची बाजू, हाताने गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग आणि झिजलेलं क्लचचं पेडल, ही गाडीची खरी उमर सांगतात. मीटर तासाभरात मागे घेता येतो.

सर्व्हिस बुकची मधली पानं नव्हती. "पावसात भिजली होती, काढून टाकली," असं उत्तर मिळालं. "सिंगल ओनर" असं तो दहा वेळा म्हणाला. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक छापलेला असतो. तिथे २ होता. मी नाव पाहिलं, बँकेचा बोजा उतरलाय का ते पाहिलं, चलन बाकी आहे का तेही पाहिलं. त्या छोट्या आकड्याकडे लक्ष गेलं नाही. मुहूर्ताची घाई होती, अजून दोन गिऱ्हाईकं उभी आहेत असं डीलर सांगत होता, बायको-मुलं हार घेऊन तयार. मी सही केली. त्या कागदावर "गाडी जशी आहे तशी, तपासून घेतली" असं वाक्य होतं.

फेब्रुवारी २०२४. आईला घेऊन चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये होतो. बोनेटखाली एकच आवाज झाला, टक्क. घाबरून मी क्लच दाबला आणि इंजिन पूर्ण थांबलं. मीटरवर ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला आणि त्यांच्या जोडीला एअरबॅगचाही लागला. त्या क्षणी दिव्यांचा विचार कोण करतो! स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असताना तयार होतो. इंजिन बंद पडलं की दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच तो उरतो, मग पेडल दगडासारखं होतं. हे मला माहीत होतं ते एका एसटी ड्रायव्हर काकांमुळे. लहानपणी त्यांनी सांगितलं होतं, इंजिन गेलं तर ब्रेक दाबून सोडायचा नाही, धरून ठेवायचा. मी धरून ठेवला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात नेऊन टेकवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. आई मागे "काय झालं रे, काय झालं" म्हणत राहिली आणि मला पाच मिनिटं उत्तरच देता येईना.

चिपळूणहून टोइंगची गाडी मागवली. तिथल्या मिस्त्रींनी कव्हर उघडून टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटवणारा दातेरी पट्टा, बाहेर काढला. तुटलेला पट्टा, दात गळालेले, मागची बाजू भेगाळलेली.

"दादा, मीटर किती दाखवतो?"

"ब्याऐंशी हजार."

"पट्टा तसं सांगत नाही."

मीटर मागे घेतला की आपले पैसे जास्त जातात एवढंच मी तोवर समजत होतो. त्यातला खरा धोका मिस्त्रींनी दाखवला. टायमिंग बेल्ट बदलायचा हिशोब किलोमीटर आणि वर्षं यांवर असतो. समजा कंपनीने एक लाखाला बदला म्हटलं असेल, तर ७८ हजार वाचणारा माणूस निवांत राहतो आणि पट्टा तोवर दुप्पट धावलेला असतो. तो तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि खालून येणारे पिस्टन त्यांना ठोकतात. माझ्या इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं. ९६ हजार खर्च आला. सगळ्याच इंजिनांना बेल्ट नसतो, काहींना साखळी असते. तुमच्या गाडीला काय आहे ते विचारून घ्या आणि बेल्ट असेल, तो बदलल्याचं बिल हातात नसेल, तर गाडी घेतल्याबरोबर बदला. मीटर काहीही सांगो.

गाडी वर उचलल्यावर आणखी निघालं. पुढची चाकं धरून ठेवणाऱ्या दोन्ही लोअर आर्मचे बॉल जॉइंट ढिले, बुश फाटलेले, ब्रेकचे रबरी पाइप तडकलेले. एवढ्या जुन्या, खराब रस्त्यावर चाललेल्या जड गाडीत हे निघतंच, त्याचा मला राग नाही. बॉल जॉइंट सुटला तर चाक बाहेर पडतं, म्हणून ते आधी बघून घ्यावेत एवढंच. राग आला तो पुढच्या गोष्टीचा.

मिस्त्रींनी मला दिव्यांबद्दल खोदून विचारलं. इंजिन बंद पडल्यावर एअरबॅगचा दिवा का लागला? त्यांनी चावी फिरवली, इंजिन चालू न करता. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि काही सेकंदांत आपोआप विझतो, इंजिन चालू असो वा नसो. माझ्या गाडीत तो विझेना. नंतर दुरुस्त झालेलं इंजिन चालू केलं तेव्हा ऑइलच्या दिव्याबरोबर विझला. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. मीटर उतरवला आणि मागची वायर दाखवली. एअरबॅगचा दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून दिला होता, म्हणजे गिऱ्हाइकासमोर गाडी चालू केली की सगळे दिवे व्यवस्थित लागतात आणि व्यवस्थित विझतात. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा एवढं नक्की करा: चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, वीस सेकंद थांबा आणि एअरबॅगच्या दिव्याकडे बघा. लागलाच नाही तर वाईट. लागून विझला नाही तरी वाईट. काही ठिकाणी बॅगच्या जागी रेझिस्टर, म्हणजे बॅग जागेवर आहे असं भासवणारा विजेचा छोटा भाग, लावून दिव्यालाही फसवतात, ते या युक्तीने कळणार नाही. म्हणून शंका आली तर जाणत्या माणसाकडून स्टिअरिंगचा मधला भाग उघडून घ्यावा.

इंजिन झाल्यावर गाडी साताऱ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मार्च २०१९ची नोंद: १ लाख ६४ हजार किलोमीटर. त्याखाली लाल अक्षरात एक ओळ. "सर, या गाडीवर एक कॅम्पेन ओपन आहे." रिकॉल, म्हणजे दोष काढून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावणं. ड्रायव्हरच्या बाजूच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलायचा होता, काम फुकट, पण झालेलं नाही.

इन्फ्लेटर म्हणजे बॅग फुगवणारा धातूचा डबा. तो सदोष असला तर काय होतं हे जगाला ताकाता या जपानी कंपनीच्या प्रकरणात कळलं. त्यांच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की ते बिघडतं आणि अपघातात गरजेपेक्षा जोरात पेटतं. मग तो डबाच फुटतो आणि त्याचे तुकडे बॅग फाडून माणसाच्या गळ्यात, छातीत घुसतात. अनेक देशांत माणसं मेली, कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही अनेक कंपन्यांनी त्यासाठी गाड्या बोलावल्या. लक्षात घ्या, गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी दमट, तितका हा दोष वाढतो. कोकण, मुंबई, गोवा इथे उन्हात उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांना तर हे जास्तच लागू आहे.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी इन्फ्लेटर बदलायला स्टिअरिंग उघडलं. आत बॅगच नव्हती. मोकळी जागा आणि वरून चिकटवून रंगवलेलं झाकण. बोनेटच्या कडेला, हेडलाइटच्या मागे पत्र्याला वेल्डिंग केलेलं निघालं. गाडी पुढून जोरात ठोकलेली होती.

चार महिने मी त्या स्टिअरिंगमागे बसून गाडी चालवली. शेजारी बायको, मागे आई आणि मुलं.

जुन्या विम्याच्या एका झेरॉक्सवर पहिल्या मालकांचं नाव होतं. पनवेलचे निवृत्त गृहस्थ. शोधून त्यांना फोन केला. रिकॉलचं पत्र त्यांच्याकडे आलं होतं. तोवर २०१९मध्ये गाडी द्यायचं ठरलं होतं, म्हणून त्यांनी ते पाकीट गाडीच्या फाईलमध्ये ठेवलं, पुढच्याने काम करून घ्यावं म्हणून. वर स्वतःच्या हाताने "महत्त्वाचे" असंही लिहिलं होतं. दुसऱ्या मालकाने फोनवर सरळ सांगितलं की अपघातात बॅग उघडली होती आणि तशाच ठोकलेल्या गाडीचा सौदा डीलरने १ लाख ६० हजारांना केला. पाकिटाचं विचारलं तर म्हणाला, "फाईल त्यांनाच दिली." मला फाईल मिळाली तेव्हा त्यात पाकीट नव्हतं.

रिकॉलचं पत्र कंपनीच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावर जातं, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या मालकाचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत ते येईलच असं नाही. म्हणून घरात जुनी गाडी असेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. आरसीवर असतो, १७ अक्षर-अंकांचा. आपल्याकडे २०१२पासून कंपन्या स्वेच्छेने रिकॉल जाहीर करत आल्या. १ एप्रिल २०२१पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, पण ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना. तुमची गाडी त्यापेक्षा जुनी असली म्हणून विचारायचं थांबू नका. माझ्या १२ वर्षं जुन्या गाडीचं काम कंपनी फुकट करायला तयार होती.

डीलरकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "सेकंडहँडमध्ये असं चालतंच." सहीचा कागद पुढे केला. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून अर्ज ठेवून घेतला. मग वकिलांकडून समजलं की एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद सरकारी पोर्टलवर करावी लागते. याच्याकडे अधिकारपत्र नव्हतं. नोंद नाही, म्हणून आरसी शेवटपर्यंत दुसऱ्या मालकाच्याच नावावर आणि हा मधे कुठे नव्हताच. पैसे देण्याआधी ते अधिकारपत्र मागा आणि व्यवहार डीलरच्या खात्यावर चेकने करा. मी दीड लाख रोख दिले होते, ते सिद्ध करायला सगळ्यात जड जातंय.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांत बसते म्हणून फी २०० रुपये. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, मुदत दोन वर्षांची. सर्व्हिस सेंटरचा प्रिंटआउट, मिस्त्रींचं लेखी, तुटलेला पट्टा, मीटरमागच्या वायरचे फोटो, पनवेलच्या काकांचं प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलंय. ते काका त्यासाठी स्वतःच्या खर्चाने साताऱ्याला आले, याचे उपकार मी विसरणार नाही. तारखा चालू आहेत.

गाडी दारात उभी आहे. बॅग आणि तिची यंत्रणा नव्याने बसवायचा खर्च मला झेपत नाही आणि तशी चालवायची नाही. परवा एक जण बघायला आला होता, दोन लाखांना मागत होता. मी झाकण काढून रिकामं स्टिअरिंग दाखवलं. तो म्हणाला, "झाकण लावून द्या फक्त. बाकी मी बघतो."

मी गाडी दिली नाही.