जगाचा इतिहास शिकायचाय? नागपूरच्या धरमपेठेतला रविवारचा क्लास लावाच

नुसत्या सनावळ्या घोकायच्या असतील तर गाइड पुरते, पण एखाद्या क्षणी जग का बदललं हे समजून घ्यायचं असेल तर हा क्लास खरंच भारी आहे, सर जीव ओतून शिकवून राहिले. पूर्व अन् पश्चिम बर्लिन वेगळं करणाऱ्या बर्लिनच्या भिंतीवर अख्खा तास गेला अन् कोणी मोबाइलला हात लावला नाही. ९ नोव्हेंबर १९८९, पूर्व जर्मनीचे प्रवक्ते गुंटर शाबोवस्की पत्रकार परिषदेत देशाबाहेर प्रवासाचे नवे नियम वाचतात, कोणीतरी विचारतं कधीपासून, ते कागद चाळतात अन् म्हणतात लगेच! ठरलं होतं दुसऱ्या दिवशीपासून, पण बातमी ऐकून लोक भिंतीच्या फाटकांवर जमले अन् त्याच रात्री पहारेकऱ्यांना फाटकं उघडावी लागली. १९६१ पासूनची भिंत ती. सोव्हिएत संघाचे नेते गोर्बाचेव्ह यांनी सैन्य वापरलं नाही, हा निर्णयही तेवढाच मोठा, हे सरांनी छान पटवून दिलं.

दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला मात्र घाईत उरकले. २७ वर्षं तुरुंगात काढलेला माणूस १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष होतो अन् सूडाची भाषा करत नाही, त्याला अर्धा तास फारच कमी आहे बाप्पा.

मला सगळ्यात आवडलं ते हे की १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी, बाबासाहेबांचं धर्मांतर, ते याच रांगेत शिकवतात. नागपूरच्या पोरांना हे कळायलाच पाहिजे.

फी परवडणारी आहे, कूलर मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धरा, अन् स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर नक्की जा.