फतेहगंजमधला अभ्यासवर्ग: रोजचे काम आणि ख्रिस्ती साधना

वडोदऱ्याच्या फतेहगंज भागात एका चर्चच्या सभागृहात शनिवारी सायंकाळी नोकरदारांसाठी मराठीतून अभ्यासवर्ग भरतो. ज्या कामामुळे प्रार्थनेला सवड मिळत नाही अशी आपण तक्रार करतो, त्याच कामातून ख्रिस्ती जीवन वाढीस कसे लागावे, एवढाच त्याचा विषय आहे. वर्ग एक निवृत्त पाळकसाहेब घेतात आणि येणाऱ्यांत परिचारिका, शिंपी, हिशेबनीस, नंदेसरीच्या कारखान्यांत पाळीने जाणारे कामगार व गृहिणी असतात.

वर्गाचा सर्वांत सरस भाग ब्रदर लॉरेन्स यांच्यावरचा होता. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाईट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात हे साधे सेवक-बंधू स्वयंपाकघरात राबत. मुळात त्या कामाचा त्यांना तिटकारा होता, आणि पुढे ते चपला दुरुस्त करण्याच्या कामावर गेले. भांड्यांच्या खडखडाटातही देवाचे सान्निध्य तितकेच लाभते, जितके गुडघे टेकल्यावर, असा त्यांचा अनुभव होता. पाळकसाहेबांनी या तिटकाऱ्यावर भर दिला, हे मला विशेष भावले. कारण एरवी अशा कथा सांगताना संताला आपले काम पहिल्यापासून प्रिय होते असे भासवले जाते आणि ऐकणारा मनातल्या मनात स्वतःला नापास करून मोकळा होतो. त्यांच्या जोडीला पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा उल्लेख आला. तेथील छापखान्यात स्त्रिया छपाईचे खिळे जुळवीत आणि रमाबाईंनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. हा भाग मात्र फारच घाईत उरकला. मराठी श्रोत्यांना पॅरिसपेक्षा केडगाव जवळचे, हे आयोजकांनी ध्यानात घ्यायला हवे होते.

गृहपाठ सोपा असतो. आठवडाभरासाठी आपल्याला नकोसे वाटणारे एकच काम निवडायचे, ते हाती घेण्यापूर्वी एका वाक्याची प्रार्थना करायची आणि संपल्यावर मन कुठे भरकटले ते वहीत टिपायचे. एका परिचारिकेने वॉर्डातील चादरी बदलण्याचे काम निवडले होते. चादरीपेक्षा रुग्णाकडे अधिक वेळा पाहिले गेले, एवढेच तिने सांगितले. पाळकसाहेबांनी त्यावर कोणतेही भाष्य केले नाही, हे उत्तम झाले.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, हे बायबलमधील कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील 23 वे वचन वर्गात पुनःपुन्हा येते. ते मुळात दासांना उद्देशून आहे, आणि त्याच ओघात चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात धन्यांनी दासांशी न्यायाने वागावे अशी आज्ञा आहे. ती वाचलीच गेली नाही. कमी पगारात जादा तास भरणाऱ्या कामगाराला केवळ तिसऱ्या अध्यायातले वचन ऐकवले, तर साधनेच्या नावाखाली त्याच्या गळी मुकाट सोसणेच उतरवले जाते. एका कामगाराने तसा प्रश्न विचारलाही. उत्तर पुढील सत्रावर ढकलण्यात आले.

शुल्क नाही, खुर्च्या पुरेशा आहेत, चहाबरोबर लीलो चेवडो मिळतो. टिपणे मात्र गुजराती लिपीत छापलेली असल्याने नव्याने वडोदऱ्यात आलेल्यांची अडचण होते. तरीही नोकरी सांभाळून उपासनेला येणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा वर्ग अवश्य करावा, आणि जाताना चौथ्या अध्यायावरचा तो प्रश्न सोबत न्यावा.