कानाच्या मशीनचे 94,400 रुपये, आणि फाइल माझ्या मांडीवरच

लाजेनं इतके दिवस गप्प होते. परवा आम्ही जिथं फसलो त्याच कानाच्या मशीनच्या दुकानाच्या पायरीवर कडेवर बाळ घेतलेली एक बाई दिसली, म्हणून लिहिते.

मुलगा पाच वर्षांचा. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. बेरा, म्हणजे डोक्याला तारा लावून करतात ती ऐकण्याची तपासणी, झालेली. कुठल्या पट्टीत किती ऐकू येतं त्याचा आलेख, ऑडिओग्राम, काढलेला. "वहिनी, लहान पोराचं काम आहे," म्हणत दुकानातल्या माणसानं 1,20,000 ची जोडी 78,000 ला दिली. कानात बसणाऱ्या, मापाच्या साच्यांचे 2,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 14,400. एकूण 94,400, त्यातले 60,000 माझं गंठण ठेवून काढलेले. आता हसा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत मी दिवसभर बिलंच काढते. कानाच्या मशीनवर जीएसटी शून्य आहे, आणि मी बिल घडी करून पर्समध्ये टाकलं! पण पोराच्या कानात मशीन बसत असताना कुठली आई टॅक्सचा रकाना वाचते?

बिल राहू दे. त्याच्या आधीच कळायला हवं होतं. तपासण्यांची, रबर लावलेली निळी फाइल अख्खा वेळ माझ्या मांडीवर होती. त्यानं मागितली नाही. कुठल्या पट्टीचा आवाज पोराला किती कमी येतो हे न बघता मशीन लावलं कशावरून? मशीन पोराच्या कानाप्रमाणं जुळवायचा कॉम्प्युटर बंद. दहा मिनिटांत काम उरकलं. मग पोराच्या मागं जाऊन टाळी वाजवली. पोरगं वळलं. मी रडले, मिस्टर पेढे आणायला गेले. अहो, समोर काचेचं कपाट होतं! त्यात हात वर गेलेला दिसला त्याला. ही पोरं आधी डोळ्यांनी ऐकतात, हे मला काय नवीन होतं?

म्हणून घरी तपासताना तोंडासमोर कागद धरा आणि आ, ऊ, ई, म, श, स म्हणा. आमच्याला श आणि स येतच नव्हते. मशीन शिट्टी मारायचं, तर दुकानवाला म्हणाला, "सवय होईल." साचा सैल होता, दुसरं काही नाही. वाढत्या पोराचा साचा काही महिन्यांत बदलावाच लागतो.

शेवटी मिरजेला ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडं गेलो. त्यांनी साच्याशेजारून बारीक नळी कानात सोडली आणि पडद्यावर दाखवलं: वरच्या पट्टीत जवळजवळ काहीच पोचत नव्हतं. सिरियल नंबर कंपनीला विचारला, तर जोडी चार वर्षांपूर्वीच विकलेली. दुसऱ्या कुणाच्या तरी कानातली. पैसे देण्याआधी नंबर विचारा. आणि मशीन लावणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (या कामाच्या लोकांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांकही. भिंतीवरची फ्रेम म्हणजे नोंदणी नव्हे.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. "मशीन चालू आहे न्हवं? मग फसवणूक कुठं?" दुसऱ्या दिवशी, "हे सिव्हिल मॅटर." दुसऱ्या एका कचेरीत साहेब जेवायला गेलेले, मग मीटिंगला, मग रजेवर. तिसऱ्या खेपेला तिथला क्लार्क खुर्चीतून न उठता पोराला "ए बाळ, ए बाळ" हाका मारत बसला, खरंच ऐकू येत नाही का बघायला. पोरगं त्याच्या तोंडाकडं बघून हसलं. "येतंय की!" म्हणाला.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) मशीन फुकट मिळू शकतं, हेही मला 94,400 गेल्यावर कळलं. दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढा.

त्या कचेरीनं माझ्या तक्रारीच्या अर्जाची पोच अजून दिलेली नाही. सोमवारी अर्धी रजा टाकलीय, तेच बिल घेऊन परत जाणार आहे.