चिनी सिनेमा बघायचाय, पण सुरुवात कुठून?

असं कोणी विचारलं की उत्तर हमखास येतं: ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’. चित्रपट चांगलाच आहे, पण पहिला म्हणून तो मी सुचवणार नाही.

मुळात ‘चिनी सिनेमा’ हे एक घराणं नाही. १९४९ नंतर वाटा फुटल्या. मुख्य भूमीवर कम्युनिस्ट पक्षाचा अंमल आला, शांघायचे कितीतरी चित्रपटवाले इंग्रजांच्या हाँगकाँगला गेले आणि तिथे गल्ल्यावर चालणारा धंदा उभा राहिला, तर तैवानात १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता. आपल्या सोयीची गोष्ट अशी की २००० सालच्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या तिन्ही घराण्यांचे चित्रपट एकदमच आले होते. निवड त्यातूनच करू.

आंग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर’ म्हणजे तलवारबाजीच्या जुन्या चिनी कथांची, वूशियाची, मोठ्या खर्चात मांडलेली आवृत्ती. दोन तास, छपरांवरून धावणारी माणसं, बांबूच्या शेंड्यांवरची झुंज आणि चार ऑस्कर. अमेरिकेत तो तुफान चालला. चीनमध्ये मात्र चाउ युन-फॅट आणि मिशेल यो यांच्या मँडरिन, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेतल्या, उच्चारांची टिंगल झाली. एक हाँगकाँगचा, दुसरी मलेशियाची. बांबूच्या वनातली लढाई किंग हू यांनी तैवानात १९७१ मध्येच ‘अ टच ऑफ झेन’मध्ये दाखवली होती, आणि ती मला जास्त आवडते. घरात मुलं असतील, सगळ्यांनी मिळून बघायचं असेल, तर आंग लीच घ्या. फक्त इंग्रजी डबिंग नको.

वाँग कार-वाई यांचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ ९८ मिनिटांचा. १९६२ चं हाँगकाँग, शांघायहून आलेल्यांची भाड्याची दाटीवाटीची बिऱ्हाडं, आणि दोन शेजारी ज्यांच्या जोडीदारांचं आपसात जुळलंय. त्या जोडीदारांचे चेहरे आपल्याला दिसतच नाहीत. त्यातल्या शेजाऱ्याच्या भूमिकेसाठी टोनी ल्युंगला कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं. गोष्ट पुढे सरकावी असं वाटणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. इथे जिना, पाऊस, शेजारीण झालेल्या मॅगी चंगचे छाँगसाम (अंगाला घट्ट बसणारे चिनी झगे) आणि तेच व्हायोलिन पुन्हा पुन्हा. मला ते पुरतं. अनेकांना झोप येते, आणि त्यांचंही चूक नाही.

माझं मत एडवर्ड यांग यांच्या ‘यी यी’ला. १७३ मिनिटं ऐकून दचकू नका. तैपेईतलं मध्यमवर्गीय कुटुंब, लग्नाने सुरुवात, अंत्यविधीने शेवट. आजी बेशुद्ध पडलीय, आणि डॉक्टर म्हणतात म्हणून घरातला एकेक जण तिच्याशी बोलायला बसतो. आईला दोन-चार मिनिटांतच कळतं की आपल्याकडे रोज सांगण्यासारखं तेवढंच आहे, आणि ती रडू लागते. आठ वर्षांचा यांग-यांग माणसांच्या डोक्याच्या मागच्या बाजूचे फोटो काढत सुटतो, कारण ती बाजू ज्याची त्याला दिसत नाही. बापाचं काम केलंय वू निएन-जेन यांनी. ते मूळचे पटकथाकार. इंजिनिअर होऊन अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत रमलेले यांग परत येऊन दिग्दर्शक झाले, आणि ‘यी यी’ने त्यांना कानमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक दिलं. २००७ मध्ये ते गेले. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. हवं तर दोन रात्रींत बघा. आपल्याकडच्या प्रेक्षकाला यात परकं फारसं काही लागणार नाही: मेहुण्याचे उद्योग, ऑफिसातली लबाडी, शेजारच्या फ्लॅटमधली भांडणं.

चौथा, ज्यांग वेन यांचा ‘डेव्हिल्स ऑन द डोअरस्टेप’, सर्वांत विनोदी आणि सर्वांत भयंकर. जपानी अमलाखालचं एक खेडं. कोणीतरी दोन कैदी पोत्यात घालून मा नावाच्या गावकऱ्याच्या घरात टाकून जातो, एक जपानी सैनिक आणि दुसरा त्याचा चिनी दुभाष्या. मरायला निघालेला सैनिक शिव्या शिकव म्हणतो, दुभाष्या जीव वाचवायला त्याला नववर्षाच्या शुभेच्छा पाठ करून देतो. दात ओठ खात म्हटलेल्या त्या शुभेच्छा ऐकून गावकरी चक्रावतात. त्यानंतर चित्रपट जिथे जातो ते इथे सांगत नाही. कानमध्ये त्याला ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं. पण सेन्सॉरची परवानगी न घेता तो तिथे नेला होता, म्हणून चीनमध्ये बंदी आली आणि दिग्दर्शक म्हणून ज्यांग वेन यांचा पुढचा चित्रपट २००७ मध्येच आला. हा शेवटी बघा, आणि बघून झाल्यावर लगेच झोपायचा बेत ठेवू नका.