सेंटिनल-5पी : कोल्हापूरच्या हवेवर थंडी-उन्हाळा पडताळून

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. युरोपच्या सेंटिनल-5पी उपग्रहाचा नायट्रोजन डायऑक्साइडचा (गाड्यांच्या धुरातला एक प्रदूषक वायू) नकाशा कोपर्निकस ब्राउझरवर फुकट बघता येतो. गेली थंडी आणि उन्हाळा तो वापरला, सोबत हाच वायू मोजणाऱ्या नळ्या टांगून पडताळला.

नळी बोटभर लांबीची, अ‍ॅक्रिलिकची. वरच्या टोपणात हा वायू शोषणारं ट्रायइथॅनॉलअमाइन लावलेली जाळी. दोन आठवड्यांनी काढायची, प्रयोगशाळेत अभिकर्मक घातला की गुलाबी रंग चढतो. वायू जास्त तेवढा रंग गडद. एक दाभोळकर कॉर्नरजवळच्या गॅलरीत लावली, दुसरी राजारामपुरीत आमच्या गच्चीवर. कॉर्नरची गडद गुलाबी, गच्चीवरची जेमतेम फिकट. नकाशावर मात्र दोन्हीकडे रंग एकच!

आधी वाटलं, उपग्रहच चुकतोय. पण त्याच्या मोजमापाचा एक चौकोन 5.5 गुणिले 3.5 किलोमीटरचा, म्हणजे सुमारे 19 चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेची हद्दच 67च्या आसपास. तीन-चार चौकोनांत अख्खं शहर संपलं! शिवाय तो दुपारी दीडच्या सुमारास येतो आणि जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतला वायू एकत्र मोजतो; नळी रस्त्यालगतची हवा रात्रंदिवस घेते. आकड्याला आकडा लावायचाच नाही. वडणग्याला बहिणीकडे संध्याकाळी पाचट पेटलं की दारं लावून घ्यावी लागतात; दीडला येऊन गेलेल्याला ते दिसणार कसं?

उपग्रहाची खरी तपासणी करतात ती जमिनीवरून आकाशाकडे रोखलेली पँडोरा आणि मॅक्स-डोआस उपकरणं, कारण तीही वरपर्यंतच्या हवेचा उभा स्तंभच मोजतात. उपग्रहाच्या माहितीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्यांच्याशी ताडल्या तेव्हा फार प्रदूषित ठिकाणी उपग्रहाचा आकडा निम्म्यापर्यंत कमी भरला. याचं एक कारण सांगतात ते असं: कुठल्या उंचीवर किती वायू, हे संगणकाच्या ढोबळ प्रारूपावरून धरतात, आणि शहराचा धूर तर जमिनीलगत साचतो. माझ्या मते हे कारण पटण्यासारखं आहे.

नकाशामागच्या आकड्यांची फाइल उतरवून घेतलीत तर प्रत्येक मोजमापासोबत दिलेला गुणवत्तेचा आकडा 0.75च्या वर असलेलीच मोजमापं ठेवा. पावसाळ्यात ढगांमुळे फारसं काही उरत नाही.

महिन्याची सरासरी काढली की कोल्हापूर-इचलकरंजी पट्टा आणि राधानगरीचं जंगल यांतला फरक स्वच्छ दिसतो. या कामासाठी पाचपैकी साडेचार. चौकातल्या हवेसाठी नळीच लावा.

दिवाळीनंतर महाद्वार रोडला आणखी दोन टांगणार आहे. कुणाची पहिल्या मजल्यावरची गॅलरी असेल तर कळवा.