आठवण टिकवतं कोण: अ‍ॅसिटिल की मिथाइल?

पंचवटीतली माझी आजी सकाळची गोळी घेतली का, हे विसरते. पण तिच्या लग्नाच्या वर्षी गोदावरीच्या पुराचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं होतं, हे हात छातीशी नेऊन दाखवते. इतकी वर्षं हे कुठे जपलं गेलं?

मेंदूच्या पेशीत डीएनएची अक्षरं तीच राहतात. बदलतं ते त्यांचं वाचन, आणि त्याच्या दोन वाटा मुख्य.

पहिली हिस्टोनची. येवल्याच्या विणकराच्या कांडीवर रेशीम गुंडाळावं तसा डीएनए या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. अ‍ॅसिटिल हा छोटा रासायनिक गट हिस्टोनला चिकटला की गुंडाळी सैल होते, जनुक वाचता येतं. शिकताना हे झटपट घडतं, पण एन्झाइम्स ते तितक्याच सहज पुसतात. ही पुसणी औषधाने रोखली, तर उंदरांची स्मरणशक्ती सुधारते. म्हणून उपचाराची आशा मला इथे जास्त वाटते.

दुसरी मिथाइलची. हा रासायनिक गट थेट डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर बसतो आणि बहुधा जनुक गप्प करतो. मिलर आणि स्वेट या मेंदू-संशोधकांनी २००७ मध्ये मोठ्या उंदरांना (रॅट) भीतीचा धडा दिला, तेव्हा हिप्पोकॅम्पस या नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागातले असे बदल दिवसभरात मावळले. मात्र २०१० च्या प्रयोगात मेंदूच्या पुढच्या भागातलं मिथाइल ३० दिवसांनीही जागेवर होतं. ते अडवलं, तर जुनी भीतीच पुसट झाली!

आजीच्या पुरासाठी माझा कौल मिथाइललाच. अर्थात दोन्ही एकमेकांना धरूनच चालतात, आणि माणसाच्या जिवंत मेंदूत हे असं उघडून पाहता येत नाही.